वर्तमानपत्राचं कव्हर घातलेलं पुस्तक

कादंबरी हातात आली की मी आधी त्यातलं घर बघतो. पुढच्या दाराने कोण येतं, मागच्या दाराने कोण, आणि बाहेरूनच बोलून कोण परत जातं, हे एकदा कळलं की मग निवांत वाचायला लागतो. वाचायची ही काही बरी रीत नव्हे. एक मित्र मला म्हणालाही होता की तू कादंबरी वाचत नाहीस, पंचनामा करतोस. पण सवय लागली ती लागलीच. ती लागली हैदराबादला, चिक्कडपल्लीतल्या एका माडीवरच्या खोलीत, जिथे सुरुवातीला पुस्तकांशिवाय माझ्याशी मनमोकळं मराठी बोलणारं कुणी नव्हतं.

त्या वर्षांत देशाने बाहेरच्या मालाला दारं उघडली, असं वर्तमानपत्रं रोज सांगायची. आमच्या गल्लीत ते खरंही वाटायचं. गच्च्यांवरून केबलच्या काळ्या वायरी लोंबत होत्या, किराणा दुकानाशेजारी एसटीडी बूथ आला होता, त्याच्या वर कॉम्प्युटरचा क्लास आणि क्लासच्या जिन्यात चपलांचा ढीग. मी आबिड्सच्या एका सरकारी कचेरीत कारकून होतो. कचेरीत तेलुगू चालायची, कँटीनमध्ये दखनी, साहेबासमोर इंग्रजी. मला तिन्ही कामापुरत्या येत. कामापुरत्या भाषेत मीठ मागता येतं, रजा मागता येते, पण आज मन लागत नाही हे सांगता येत नाही. संध्याकाळी खोलीवर यायचो, भात टाकायचो आणि कुकरची शिट्टी होईपर्यंत पुस्तक उघडून बसायचो.

ही खोली मला माझ्या आडनावाने मिळवून दिली. आम्ही बौद्ध, नांदेडकडच्या एका खेड्यातले. पण आमचं आडनाव गावावरून पडलेलं, त्यातून गाव कळतं आणि बाकी काहीच कळत नाही. त्याआधी एका ठिकाणी घरमालकीणबाईंनी सरळच विचारलं, मीही सरळच सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी त्या खोलीत त्यांचा भाचा राहायला येणार असल्याचं निघालं. पुढे आणखी एका घरमालकांकडेही असाच भाचा येणार होता. हैदराबादेत त्या वर्षी भाच्यांचा फार सुळसुळाट होता. चिक्कडपल्लीच्या घरमालकांनी, म्हणजे काकांनी, मात्र तसं विचारलं नाही. गाव विचारलं, आडनाव विचारलं आणि म्हणाले, “म्हणजे आमच्यातलेच दिसता.” मी तेव्हा वाकून बुटाची नाडी बांधत होतो. ती बराच वेळ बांधत राहिलो.

मला त्याचं वाईट वाटलं नाही, आजही वाटत नाही. डोक्यावर छप्पर पाहिजे होतं. पण त्या गप्प बसण्याने मला एकटं पाडलं, हेही खरं. शहरात आमच्या समाजाची घरं होती, मराठवाड्यातूनच आलेली, रविवारी ती विहारात जमायची. मी तिकडे फिरकत नव्हतो. गेलो असतो तर ओळखी झाल्या असत्या, ओळखीची माणसं घरी आली असती, आणि कुणीतरी जिन्यातच आमचा नमस्कार खणखणीत आवाजात घातला असता. गावाकडून धाकटा भाऊ यायचं म्हणायचा, तर मीच सुट्टी काढून गावाला जायचो. म्हणजे इकडच्या माणसांत मी नव्हतो आणि तिकडच्या माणसांना तोंड दाखवत नव्हतो.

खोलीतही तसंच होतं. भिंतीत एक बिनदाराचं कपाट होतं, त्यात ग्रंथालयातल्या कादंबऱ्या ठेवायचो, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसतील अशा. पलंगाखाली लोखंडी ट्रंक होती. तिच्यात तळाशी आमच्या प्रत्येक घरात भिंतीवर असतो तो फोटो आणि वर आमच्या माणसांनी लिहिलेली पुस्तकं, वर्तमानपत्राची कव्हरं घातलेली. ती मी कडी लावून वाचायचो.

कपाटातली पुस्तकं यायची जामबागच्या पुढच्या एका जुन्या मराठी ग्रंथालयातून. तिथे दोन-चार म्हातारे पुण्याहून शिळं होऊन आलेलं वर्तमानपत्र वाटून घेऊन वाचत बसलेले असायचे. ग्रंथपाल बाई मला बघून खूश व्हायच्या, कारण सभासदांची मुलं आता येतच नाहीत, आली तरी मराठी अक्षरं लावत बसतात, अशी त्यांची कायमची तक्रार. उरलेली पुस्तकं रविवारी आबिड्सच्या फुटपाथवर मिळायची. दुकानांची शटरं बंद आणि त्यांच्यासमोर जुन्या पुस्तकांचे ढीग. त्या ढिगांत अलीकडे यशस्वी कसं व्हावं हे सांगणारी इंग्रजी पुस्तकं इतकी झाली होती की मराठी एखादं खालून उकरून काढावं लागायचं.

काय काय वाचलं तेव्हा. एका कादंबरीत एक प्रोफेसर होते. ते आरामखुर्चीत बसून मित्राच्या बायकोवर प्रेम करतात आणि त्याचा त्यांना फार त्रास होतो. त्यांच्याकडे एक बाई भांडी घासायला येते, मागच्या दाराने. तिला लेखकाने नाव दिलेलं नाही. अख्ख्या कादंबरीत ती एवढंच म्हणते की उद्या येणार नाही. प्रोफेसरांचं शेवटी काय झालं ते मला आज आठवत नाही. ती बाई दुसऱ्या दिवशी का येणार नव्हती, हे मात्र कितीतरी दिवस डोक्यात घोळत होतं.

दुसरी एक खेड्यावरची होती. वर्णनं इतकी देखणी की वाटलं, मी वाढलो ते गाव नव्हतंच. नदी, देऊळ, पार, हुरडा, सगळं जागच्या जागी. फक्त आमची वस्ती असायला हवी त्या जागेवर लेखकाने बाभळीचं बन लावलेलं. मला त्याचा इतका राग आला की पुस्तक मुदतीच्या आधीच परत करून टाकलं.

पण एका कादंबरीपुढे माझा पंचनामा पार आडवा झाला. आडबाजूच्या स्टेशनवर राहणाऱ्या स्टेशनमास्तरच्या बायकोची ती गोष्ट. गाडी थांबते तेवढ्या वेळात ती डब्यातल्या बायकांचे चेहरे बघून ठेवते आणि मग पोळ्या लाटताना त्यांच्याशी मनातल्या मनात बोलत राहते. तिचं घर माझं नव्हतं, तिचे सणवार माझे नव्हते, आमच्यातलं कुणी त्या पुस्तकात औषधालाही नव्हतं. तरी मी भात करपवला. त्या बाईचं काय दुखतं ते मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

कथा-कादंबरीचा कंटाळा आला की माहितीची पुस्तकं घ्यायचो. एका उद्योगपतीच्या चरित्रात पहिल्या प्रकरणात तो अनवाणी होता आणि दुसऱ्यात त्याचा कारखाना उभा होता. मधलं प्रकरण छापायचं राहिलं की काय, म्हणून मी पानांचे आकडे तपासले. पक्ष्यांवरचं एक पुस्तक मात्र मी तीनदा वाचलं. लेखक एका झाडाखाली सकाळपासून बसतो, घरट्याकडे बघत. त्याला कुणी येऊन विचारत नाही की तू कोण, इथे का बसलास. पक्ष्यांपेक्षा मला त्या बसण्याचाच हेवा वाटला.

खाली काका एकटेच राहायचे. महसूल खात्यातून निवृत्त झालेले, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा अमेरिकेत. रविवारी त्याचा फोन आला की काका इतक्या मोठ्याने बोलायचे की अमेरिकेला फोन कशाला लागतो असं वाटावं. रोज सकाळी उर्दू अखबार वाचायचे. एकदा टाकीचं पाणी बघायला वर आले आणि जाता जाता त्यांनी कपाटातली ती स्टेशनमास्तरवाली कादंबरी उचलली. उचलून पालथी केली, मागचं कव्हर उघडलं आणि शेवटच्या पानावर बोट ठेवलं. मग स्वतःशीच हसले. म्हणाले, हात ऐकत नाही, किताब म्हटली की उजवीकडूनच उघडतो.

मग त्यांनी सांगितलं. निजामाच्या काळातली त्यांची शाळा सगळी उर्दूत झाली, कॉलेजही उर्दूत, नोकरीतला कागद आधी उर्दूत, मग इंग्रजीत. घरात बोलायचं मराठी. बाळबोध अक्षरं दुकानाची पाटी वाचण्यापुरती जमायची, पानभर वाचायचं तर डोळ्यांना घाम फुटायचा. बायको होती तोवर ती दुपारी वाचून दाखवायची. ती गेली आणि तेही गेलं.

“आमची मराठी कानातली आहे,” ते म्हणाले. “डोळ्यातली नाही.”

दुसऱ्या दिवसापासून मी संध्याकाळी त्यांना वाचून दाखवायला लागलो. जेवण उरकून खाली जायचो, अंगणात उभा राहून “काका” म्हणून हाक मारायचो, आतून “ये” आलं की पायऱ्या चढायचो. दार मी कधी वाजवलं नाही. त्यांना त्याची गंमत वाटायची. “दाराला काय करंट आहे का रे?” असं एक-दोनदा म्हणालेही. मी हसून वेळ मारून नेली. माझ्या मते ती रीतभात होती. आमच्या घरात सगळेच असे बाहेरून हाक मारतात.

ऐकणारे म्हणून काका एकदम तिखट. प्रोफेसरांच्या कादंबरीवर म्हणाले की तुमच्या पुण्याच्या किताबीत माणसं एवढा विचार करतात तर जेवतात कधी? मी म्हटलं, काका, मी नांदेडचा. तर म्हणाले, हौ, पण किताब तर पुण्याची ना. उद्योगपती त्यांना मुळीच पटला नाही. महसुलात नोकरी केलेल्या माणसाला जमीन कुठून आली हे आधी कळायला लागतं. अर्थकारणावरचं एक जाडजूड पुस्तक मी हौसेने आणलं होतं. त्यात लेखकाने देशाची दारं उघडल्याचं वर्णन पानं भरभरून केलेलं. काकांनी ते निमूट ऐकलं आणि म्हणाले की आमचं दार तर दिवसभर लोटलेलंच असतं, कोण येतं? स्टेशनमास्तरच्या बायकोची गोष्ट संपली त्या दिवशी मात्र भांडले नाहीत. मी उठलो तेव्हा एवढंच म्हणाले की आमची पण असंच बोलत असेल काय की मनात, मी कधी विचारलं नाही. हळूहळू ते मला तुम्हीवरून तूवर आले. घरी माझी वाट बघणारं कुणीतरी आहे, ही भावना मी कितीतरी वर्षांनी अनुभवत होतो.

आणि त्यामुळेच धास्ती वाढली. पूर्वी खरं कळलं असतं तर खोली गेली असती, दुसरी शोधली असती. आता हा माणूस गेला असता. माझ्या वाचण्याला कान देणारा, भांडणारा, उद्या पुढे काय म्हणून विचारणारा दुसरा कुणी मला त्या शहरात मिळणार नव्हता. मी आणखी सांभाळून बोलायला लागलो. वाचताना हसायचो आणि मनात एक रखवालदार बसलेला असायचा.

उन्हाळ्यात ग्रंथालय छताच्या दुरुस्तीसाठी बंद झालं. कपाटातली पुस्तकं संपली. आज काही नाही असं मी काकांना सांगितलं, तर ते म्हणाले की पेटीतली काढ की, ती अखबार गुंडाळलेली. पंखा दुरुस्त करायला आलेल्या माणसाबरोबर ते वर आले होते तेव्हा ट्रंक उघडी राहिली असणार. मी विषय टाळायला बघितलं. म्हटलं, ते काही खास नाही, पोस्टात नोकरी केलेल्या एका माणसाचं आत्मचरित्र आहे. काका म्हणाले, “मग तर वाचच. पोस्टातल्या माणसाला लोकांचं सगळं माहीत असतं.”

ते पुस्तक खास नव्हतं, हे मी खोटं बोललो. माझ्याकडच्या सगळ्या पुस्तकांत मला ते एकच सोडायचं नव्हतं. एका मेळाव्यातल्या स्टॉलवरून घेतलेलं, पिवळट कागद, शाई कुठे गडद कुठे फिकी. लेखक आमच्यातला, मराठवाड्यातलाच, टपाल वाटून निवृत्त झालेला. वाक्यं छोटी, रडणं नाही, आरडाओरडा नाही. उभ्या आयुष्यात दुसरं काही लिहिलेलं नाही आणि तरी कुठे थांबायचं ते त्याला बरोबर कळतं. बाकीची पुस्तकं वाचताना मी घरांची दारं तपासत असायचो. हे वाचताना मी घरात असायचो.

मी ते खाली नेलं, पण एक युक्ती करून. काकांना पान दिसलं तरी वाचता येणार नव्हतं. तेव्हा वाचता वाचता गाळायचं ठरवलं. जिथे जातीचं नाव आलं तिथे “आम्ही” म्हटलं, वस्तीचं नाव आलं तिथे “गावाच्या कडेला” म्हटलं, काही ओळी तर गिळूनच टाकल्या. तासभर वाचलं. काका अडकित्त्याने सुपारी कातरत ऐकत होते. मी थांबलो तसे म्हणाले, “ह्याला लिहिता येत नाही. मधेच काहीतरी खातो. आई शाळेत येते, मास्तराशी बोलते, रडत घरी जाते. का रडते? ते लिहायलाच विसरला. नक्को ही किताब.”

मी वर आलो तो संतापलेलाच. मला स्वतःला कुणी काही बोललं असतं तर ते पचलं असतं, त्याची सवय होती. पण त्या माणसाला लिहिता येत नाही, हे मला सहन होईना. त्याने आई का रडली ते लिहिलं होतं, फक्त तीन ओळींत लिहिलं होतं, आणि त्या ओळी मी गिळल्या होत्या. माझी खोली टिकावी म्हणून तो अडाणी ठरला होता. एक वाचक म्हणून मला लेखकांचे पुष्कळ राग आले होते, पण लेखकाच्या बाजूने असा राग पहिल्यांदाच येत होता.

दुसऱ्या दिवशी खाली गेलो आणि म्हटलं, काका, तेच पुस्तक, पहिल्यापासून. ते नको नको म्हणत होते. मी म्हटलं, एकदा नीट ऐका, मग सांगा. आणि वाचायला लागलो, एक अक्षरही न गाळता. जातीचं नाव पहिल्याच पानावर आहे. ते मी मोठ्याने वाचलं. वर बघितलं नाही. अडकित्त्याचा आवाज थांबलेला कळला. मी तसाच पुढे गेलो. आईच्या रडण्याशी आलो, त्या तीन ओळी वाचल्या आणि थांबलो.

काकांनी अडकित्ता खाली ठेवला. मग म्हणाले की हौ, आता बरोबर लागलं. मला इतकं बरं वाटलं, जणू माझ्याच घरातल्या कुणाला त्यांनी बसायला जागा दिली. पुढे आणखी दोन-तीन संध्याकाळी आम्ही ते वाचत होतो. काकांनी मला त्यावरून काही विचारलं नाही. पुस्तक त्याचं, मी नुसता वाचणारा, असाच सगळा मामला होता, आणि मला तो तसाच चालणार होता.

मग सांगाव्याचं प्रकरण आलं. गावात कुणी मोठा माणूस वारला की परगावच्या नातेवाइकांना ते कळवायला आमच्या माणसाला धाडायचे. लेखकाचे वडील ते काम करायचे. ऊन असो, थंडी असो, चालत जायचं, त्या घराच्या बाहेर लांब उभं राहायचं, हाक मारून बातमी सांगायची आणि परत फिरायचं. लेखकाने हे पानभरात आटोपलंय. मी ते पान वाचत खालपर्यंत आलो. शेवटची ओळ संपली. पान उलटायला हवं होतं. मी उलटलं नाही. डोळे पुस्तकावर ठेवून, त्याच आवाजात, मी पुढे बोलायला लागलो.

म्हटलं, आजोबांना एकदा सांगावा घेऊन हैदराबादला पाठवलं. गावातल्या मोठ्या घरचे थोरले वारले होते आणि त्यांचा पुतण्या इथे वकिली करायचा. आजोबांना गाडीत बसवून दिलं, इथल्या कुणीतरी घर दाखवलं. पण शहरातलं घर, रस्त्यालाच दार, दार बंद. आजोबा समोरच्या बाजूला उभे राहिले आणि हाक मारली. टांगे जात होते, फेरीवाले ओरडत होते, कुणी बाहेर आलं नाही. पुन्हा मारली. दाराला हात लावून ते वाजवायचं असतं, हे त्यांना सुचणं शक्यच नव्हतं. जन्मात कधी वरच्या माणसाच्या दाराला हात लावला नव्हता. ते समोरच्या भिंतीला टेकून बसले. मधून मधून हाक मारायचे. घरातून फोडणीचा वास येत होता. दुपार गेली. दिवस कलला तेव्हा वकीलसाहेब फिरायला म्हणून बाहेर पडले आणि आजोबांनी उभं राहून बातमी सांगितली. साहेब त्यांच्यावरच उखडले. म्हणाले, घरात सुतक असताना मी पोटभर जेवलो आणि तू समोर बसून बघत होतास, तुला दार वाजवता येत नव्हतं?

हे आजोबा हसत हसत सांगायचे. आम्ही पोरंही हसायचो. काकांसमोर सांगताना मात्र मला हसता आलं नाही.

“कुठल्या मोहल्ल्यात?” काकांनी विचारलं.

“ते लिहिलेलं नाही,” मी म्हणालो.

“बास आज,” ते म्हणाले आणि उठून आत गेले.

दुसऱ्या दिवशी मी गेलो नाही, त्यांनीही बोलावलं नाही. त्याच्या पुढच्या दिवशीही नाही. जिन्यात भेटले तर नळाला पाणी आलं का तुमच्याकडे, असं विचारलं आणि माझं उत्तर पुरतं व्हायच्या आत आत गेले. तुमच्याकडे. इतक्या महिन्यांनी मी पुन्हा तुम्ही झालो होतो. खोलीवर बसवत नव्हतं. पुस्तक उघडलं की अक्षरं नुसती दिसायची, लागायची नाहीत. कचेरीतल्या एकाला कुठे खोली आहे का म्हणून विचारून ठेवलं. ट्रंक आवरली. मनात एकच येत होतं की हे मी कशासाठी केलं, कुणी विचारलं नव्हतं. आणि तरी ते मला परत घ्यायचंही नव्हतं. असं एकटं मी त्या शहरात पहिल्या दिवशीसुद्धा नव्हतो.

असा एक आठवडा गेला असेल. म्हटलं, त्यांनी सांगायच्या आधी आपणच सांगावं. संध्याकाळी ते पुस्तक घेऊन खाली गेलो, अंगणात उभा राहिलो आणि हाक मारली. दिवा लागलेला होता. खिडकीतून आरामखुर्चीचा हात दिसत होता आणि त्यावर त्यांचा हात. उत्तर आलं नाही. मी पुन्हा हाक मारली. हात हलला नाही. खोली सोडतो, एवढं वाक्य तिथूनच मोठ्याने म्हणावं आणि जावं, असं मी ठरवत होतो, तेवढ्यात आतून आवाज आला.

“पान उलटल्याचा आवाज आला नव्हता त्या दिवशी.”

मी पुस्तक या हातातून त्या हातात घेतलं.

“किताबीतलं नव्हतं ते.”

“नव्हतं,” मी म्हणालो.

“मला राग आला. तू खोटं बोललास म्हणून आला की खरं बोललास म्हणून, हेच इतके दिवस बघत बसलो.” मग म्हणाले, “दार वाजव.”

मी म्हटलं, काका, मी इथेच आहे, तुम्हाला ऐकू येतंय.

“येतंय ना ऐकू. तुझ्या आजोबांचंही ऐकू आलं असेल कुणाला तरी. तू वाजव.”

त्या क्षणी मला आनंद झाला असं मी नुसतं लिहिलं तर ते गाळून वाचल्यासारखं होईल. मला रागही आला. दार वाजव असं मला कुणीतरी आतून सांगावं लागतं, याचा राग आला, आणि त्यांनी ते सांगितलं म्हणून डोळे भरून आले, दोन्ही एकदमच. हातातलं पुस्तक मी बगलेत धरलं. वर्तमानपत्राचं कव्हर घामाने ओलं झालं होतं. पायऱ्या चढलो आणि दारावर हात मारला. जरा जोरातच मारला गेला. दार नुसतं लोटलेलं होतं.